हॉर्न मात्र अजून वाजतो

आमच्या नव्या गाडीचा हॉर्न पहिल्यांदा आपोआप वाजला, तेव्हा मी खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढच्या सायकलवाल्याची माफी मागितली. माझं माफी मागून होईपर्यंत हॉर्न वाजतच होता. माफी मागणारा माणूस आणि सलग हॉर्न वाजवणारा माणूस एकच असू शकतो, यावर सायकलवाल्याचा विश्वास बसेना. तो उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि मला जे काही बोलला, ते मी अजून घरी सांगितलेलं नाही. बायको शेजारीच बसली होती, पण हॉर्नमुळे तिला ऐकू आलं नाही, हा त्या हॉर्नचा एकमेव उपयोग.

मी मुळात हॉर्न वाजवणाऱ्यांतला नव्हे. माझ्या पायावर कुणी पाय दिला तर 'सॉरी' मी म्हणतो. दुकानदाराने चुकीच्या मापाचा बूट दिला तर मी तो घालून पायाला सवय लावतो. गेली सव्वीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नळजोडणीच्या अर्जांची छाननी करतो. छाननी म्हणजे अर्जातला प्रत्येक रकाना भरलेला आहे की नाही ते बघायचं, आणि एखादा मोकळा असेल तर त्यावर पेन्सिलीने बारीक फुली मारून अर्ज परत पाठवायचा. रकान्यात काय लिहिलंय हे पाहणं माझं काम नाही, त्याला वेगळा विभाग आहे. एकाने 'वडिलांचे नाव' या रकान्यात 'नंतर कळवतो' असं लिहिलं होतं. मी तो अर्ज मंजूर करून पुढे पाठवला, कारण रकाना भरलेला होता. मोकळा रकाना मात्र मला सहन होत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर मोकळी जागा राहिली तर मी तिथे पत्ता लिहितो.

तर गाडी. गाडी घेतली ती बायकोच्या गुडघ्यासाठी. ती शाळेत भूमिती शिकवते. शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि निवृत्तीला चार वर्षं बाकी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बसच्या पायऱ्या चढायला मनाई केली. आमच्या बाजूला भाड्याची गाडी मिळेल याचा रोज नेम नसतो. मी म्हटलं, "मग आता घरी आराम कर." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी त्याच आठवड्यात गाडी बुक केली. रोज सकाळी तिला सोडायचं आणि मग ऑफिसला जायचं, असा बेत होता.

बेत दीड महिना चालला. मग आधी तो सायकलवाल्याचा प्रसंग घडला, आणि दोनच दिवसांनी शाळेच्या फाटकाशी मी डावीकडे वळलो आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेना. स्टिअरिंगवर थापा मारल्या, त्याला विनवण्या केल्या, शेवटी इंजिन बंद केलं तेव्हा कुठे शांतता झाली. मग दहा मिनिटं गाडी चालूच होईना. तोपर्यंत शाळेच्या सगळ्या खिडक्यांत पोरं गोळा झाली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बिचाऱ्याने हा हॉर्न आपल्यासाठीच आहे असं समजून पळत येऊन फाटक सताड उघडलं आणि सलामही ठोकला. त्या दिवसापासून माझा हॉर्न ऐकला की तो धावत सुटे. त्याला वाटायचं, गुडघेवाल्या बाईंचे मिस्टर फार कडक आहेत. आयुष्यात मला कडक समजणारा तो पहिला माणूस, त्यामुळे त्याचा गैरसमज दूर करायला माझं मन होईना.

दोष असा होता : गाडी वीस मिनिटं चालून गरम झाली, की डावीकडे वळताना हॉर्न. उजवीकडे काही नाही. सरळ काही नाही. थंड गाडीला तर अजिबात काही नाही. हे मी सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरला नीट समजावून सांगितलं. त्याने गाडी आत घेतली, दुपारपर्यंत सावलीत उभी करून पार थंडगार केली, मग आवारात डावीकडे दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "साहेब, गाडी एकदम ओके आहे."

"पण गरम झाल्यावर वाजतो हो."

"आता वाजतोय का?"

"आता नाही."

"मग झालं तर."

त्याच्या म्हणण्यात तर्काचा भाग होता, त्यामुळे मी मान डोलावली. त्याने कामाचा कागद पुढे केला. 'तक्रारीचे स्वरूप : सामान्य तपासणी. आढळलेला दोष : नाही. केलेली दुरुस्ती : लागू नाही.' आता कुणीही विचारील, अहो तुम्ही वाचलं नाहीत का? वाचलं. बारकाईने वाचलं. एकही रकाना मोकळा नव्हता, म्हणून मी सही केली.

तिथून बाहेर पडायच्या वाटेवर काउंटरवाल्या बाई होत्या. त्यांच्याकडे गाडीची किल्ली मिळायची आणि किल्लीबरोबर एक फिकट निळा फॉर्म. 'आपला अनुभव कसा होता? एक ते दहा.' बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, दहापैकी दहा द्याल ना प्लीज? नऊ आले तरी आम्हाला वर बोलावून घेतात." आता अशा वेळी माणूस काय करील? त्या बाईंनी हॉर्न बनवला नव्हता. त्यांच्या टेबलावर त्यांच्या मुलीने काढलेलं सूर्याचं चित्र चिकटवलेलं होतं. मी दहा दिले. 'कर्मचाऱ्यांची वागणूक' दहा, 'परिसराची स्वच्छता' दहा, 'कामाबद्दल समाधान' दहा. फॉर्मच्या तळाशी 'कृपया मागे पहा' असं छापलेलं होतं आणि मागे एक मोठा चौकोन होता. तोही भरून दिला. बाईंनी चहा मागवला.

घरी जाताना तिसऱ्या वळणावर हॉर्न वाजला.

"काय म्हणाले?" घरी पोचल्यावर बायकोने विचारलं.

"चांगलं सुनावलं मी त्यांना," मी म्हटलं.

हे वाक्य त्या वर्षात मी सात वेळा म्हटलं. सात वेळा गाडी आत गेली, सात वेळा ती थंड झाली, सात कागदांवर 'सामान्य तपासणी' आलं आणि सात वेळा मी दहापैकी दहा दिले. चौथ्या खेपेपासून बाई माझ्यासाठी चहात साखर कमी घालायला सांगू लागल्या. एवढी ओळख झाल्यावर नऊ देणं म्हणजे निव्वळ कृतघ्नपणा झाला असता. दर खेपेला घरी येऊन मी सुनावलेल्या गोष्टींचा तपशील वाढवत नेला. सहाव्या खेपेला तर मी टेबलावर मूठ आपटली, असं सांगून मोकळा झालो. बायकोने माझ्या मुठीकडे पाहिलं.

याच सुमाराला तळमजल्यावरच्या मोजणीवाल्या काकांनी आमचं प्रकरण हातात घेतलं. काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून मोजायला काही न उरल्यामुळे ते जिन्याच्या पायऱ्या मोजत आणि एक कमी भरली की बिल्डरला पत्र लिहीत. ते वर आले, गाडीची हकीकत ऐकली, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "तीन उजवी म्हणजे एक डावं."

"म्हणजे?"

"डावीकडे वळायचंच कशाला? पुढे जा, उजवीकडे वळ, परत उजवीकडे, परत उजवीकडे. तोंड आपोआप डावीकडे होतं. वहिनी, बरोबर ना? तुम्ही भूमितीच्या."

"बरोबर आहे काका," बायको म्हणाली, "पण माझा पहिला तास साडेदहाला असतो."

काकांनी दोन दिवसांत शहराचा नकाशा तयार केला. घर ते शाळा, फक्त उजव्या वळणांनी. लाल शाईने बाण. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं. पूर्वी पंचवीस मिनिटांचा असलेला रस्ता आता पाऊण तासाचा झाला. भाजीमंडईभोवती आम्ही रोज सकाळी दोन प्रदक्षिणा घालत असू. तिथला लिंबूवाला पहिल्या फेरीला हात करायचा आणि दुसऱ्या फेरीला घड्याळ बघायचा. एवढं करूनही शाळेचं फाटक डावीकडेच राहिलं, कारण तो रस्ता एकेरी होता आणि काकांच्या शाईचं वाहतूक पोलिसांपुढे काही चालेना. म्हणून मी कोपऱ्यावर थांबायचो आणि बायको तिथून फाटकापर्यंत चालत जायची. दोनशे पावलं. काकांनी मोजली होती. मी गाडीत बसून तिला जाताना बघायचो. शंभराच्या आसपास ती कुंपणाला हात लावून थांबायची, आणि मी बघतोय हे माहीत असल्यामुळे चप्पल नीट करतेय असं दाखवायची.

वर्ष संपलं. आठव्यांदा गेलो तर सुपरवायझर म्हणाला, "साहेब, वॉरंटी गेल्या आठवड्यात संपली. आता बघतो काय दोष आहे ते." आणि खरोखरच, वॉरंटी संपताच त्याला दोष तासाभरात सापडला. स्टिअरिंगच्या आतली वायरिंगची सगळी जुळणीच मुळात सदोष होती, आणि तिच्यामुळे गाडीचा कंट्रोल बॉक्सही निकामी झाला होता. हा सगळा खर्च आता आमचा होता. मी म्हटलं, "अहो पण मी वर्षभर तेच सांगतोय." तो म्हणाला, "कागदावर कुठे आहे?" कागदावर 'सामान्य तपासणी' होतं. खाली माझी सही होती, तारखेसकट, सुवाच्य.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी बायकोला बोलावून घेतलं. उशीर वाढत चालला होता. पुढच्या सत्रापासून वेळेवर यायला जमणार असेल तर ठीक, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज हे सत्र संपायच्या आत द्या, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. बायकोने अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. मी तो पाहिला. सगळे रकाने भरलेले होते. जन्मात पहिल्यांदा मला पूर्ण भरलेला अर्ज पाहून वाईट वाटलं.

"मला घरी नाही बसायचंय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग मेहुणा आला. मेहुण्याने पूर्वी एका मिक्सर कंपनीला ग्राहक तक्रार मंचात हरवलं होतं आणि तेव्हापासून तो प्रत्येक विषय मिक्सरपर्यंत आणून सोडतो. त्याने पाय पसरले आणि म्हणाला, "भाऊजी, कायदा तुमच्या बाजूने आहे. वॉरंटीत पुन्हा पुन्हा तोच दोष आला आणि त्यांना काढता आला नाही, तर गाडी बदलून मागता येते. वकीलसुद्धा लागत नाही, आपलं आपण बोलायचं. माझ्या मिक्सरच्या वेळी..." मिक्सरचं संपल्यावर तो म्हणाला, "एकच गोष्ट हवी. मुदतीत तक्रार केली होती याचा पुरावा. आहे ना?"

"सात वेळा नेली होती," बायको म्हणाली. "दर वेळी यांनी चांगलं सुनावलं त्यांना."

मेहुण्याने माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो.

तक्रार मंचाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन पंखे, त्यातला एक चालू. बाकावर माझ्या एका बाजूला कुकरचं झाकण मांडीवर घेतलेल्या आजी होत्या आणि दुसऱ्या बाजूला सोफ्याचा तुटका पाय छातीशी धरलेले एक गृहस्थ. मला पुरावा म्हणून काहीच धरायला नसल्यामुळे उघडं पडल्यासारखं वाटत होतं. अध्यक्षबाई साठीच्या पुढच्या असाव्यात. चष्मा नाकाच्या टोकावर. पुढे येणारा प्रत्येक कागद त्या कोपऱ्याला धरून आधी उलटून बघत आणि मग वाचत. छाननी करणारी माणसं मला लांबूनही ओळखू येतात. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

कंपनीचा वकील तरुण होता आणि माझ्यापेक्षाही नम्र होता. अशा माणसापुढे माझं काही चालत नाही, कारण माझ्याकडचं एकुलतं एक शस्त्र त्याच्याकडे आधीच असतं. तो म्हणाला, "तक्रारदारांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. दोष आज आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तो वॉरंटी संपल्यानंतर आणि गाडीच्या गैरवापरामुळे निर्माण झाला. तज्ज्ञांच्या अहवालात डाव्या बाजूचे टायर उजव्यापेक्षा खूप जास्त झिजलेले आढळले. याचा अर्थ, तक्रारदार बराच काळ केवळ उजवीकडे वळत होते."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं आहे हे?"

"हो मॅडम."

"का?"

मी भाजीमंडईच्या दोन प्रदक्षिणा, लाल बाण आणि मोजणीवाले काका समजावून सांगितले. काका मागच्या बाकावर होते. ते उभे राहिले आणि त्यांनी नकाशा उलगडला. तो सोफ्यावाल्या गृहस्थांच्या डोक्यावरून खाली आला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण बसा." काका बसले, पण नकाशा घडी व्हायला तयार नव्हता, त्यामुळे पुढचा अर्धा तास कुकरवाल्या आजी त्याच्या खाली होत्या.

मग वकिलाने फायलीतून सात कागद काढले. मी त्यांचा रंग ओळखला. फिकट निळा.

"तक्रारदारांनी वर्षभरात सात वेळा आमच्या केंद्राला भेट दिली. प्रत्येक भेटीनंतर त्यांनी स्वहस्ते अभिप्राय दिला. कामाबद्दल समाधान, दहापैकी दहा. दुसरी भेट, दहापैकी दहा. तिसरी..." तो सातही वाचत गेला. मोजणीवाले काका मागून आकडे मोजत होते, ते मला ऐकू येत होतं. "सात वेळा पूर्ण समाधानी असलेला ग्राहक आज म्हणतो की सातही वेळा दोष होता. आम्ही काय समजावं?"

"ही सही तुमची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो."

"सातही?"

"हो."

मी बायकोकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. आमचा पुकारा झाल्यावर ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली होती आणि त्या बाजूचा कान तापला होता. आपटलेली मूठ, सुनावलेले शब्द, सगळं त्या सात निळ्या कागदांखाली चिरडलं गेलं होतं. तिची उरलेली तीन वर्षं माझ्या भिडेपायी गेली, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. ती फक्त हळूच म्हणाली, "सातही?" यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

अध्यक्षबाई तेवढ्यात पहिला कागद उलटून बघत होत्या. ती रंगीत झेरॉक्स होती. "इथे खाली 'कृपया मागे पहा' छापलंय," त्या म्हणाल्या. "मागे तर काही नाही."

"तक्रारदारांना काही सुचवायचं नसावं," वकील नम्रपणे म्हणाला. "मागचा रकाना त्यांनी मोकळा सोडला असेल."

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मला खोटारडा ठरवलं, मी ऐकून घेतलं. गाडीचा गैरवापर करणारा ठरवलं, तेही ऐकलं. पण हे? मी उभा राहिलो. कुणीतरी मोठ्याने ओरडत होतं, आणि तो आवाज माझा होता.

"मॅडम, मी रकाना मोकळा सोडत नाही!"

चालू असलेला पंखासुद्धा थबकल्यासारखा वाटला. सोफ्याचा पाय जमिनीवर पडला.

"सव्वीस वर्षांत एकही रकाना मोकळा सोडलेला नाही मी! ही अर्धी प्रत आहे! अर्धी प्रत छाननीला चालत नाही! मूळ कागद आणा म्हणावं!" आणि मी टेबलावर मूठ आपटली. म्हणजे खरोखर आपटली. आपटल्यावर जे झालं त्यावरून कळलं की याआधी मी ती कधीच आपटली नव्हती, कारण हे इतकं दुखतं याची मला कल्पना नव्हती.

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण आवाजात एक प्रकारची ओळख होती. मग वकिलाकडे वळून, "मूळ कागद सोमवारी."

घरी जाताना तिसऱ्या वळणावर शेवटी बायकोने विचारलं, "मागे काय लिहिलं होतंत?"

"आठवत नाही," मी म्हटलं. आणि खरंच आठवत नव्हतं. चौकोन दिसला की हात आपोआप चालतो. मी तिथे परिसरातल्या कुंड्यांचं कौतुकसुद्धा केलेलं असू शकतं.

सोमवारी मूळ कागद घेऊन स्वतः काउंटरवाल्या बाई आल्या होत्या. फाइल अध्यक्षबाईंसमोर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. अध्यक्षबाईंनी पहिला कागद कोपऱ्याला धरून उलटला आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"'काउंटरवरील बाई अत्यंत नम्र. चहा उत्तम. गाडी गरम झाल्यावर डावीकडे वळताना हॉर्न वाजतो, तेवढे सवडीने पाहावे.'"

दुसरा. "'सर्व छान. हॉर्न मात्र अजून वाजतो.'"

तिसरा. "'कुंड्यांना नियमित पाणी घातलेले दिसते. हॉर्न मात्र अजून वाजतो.'"

चौथा, पाचवा. हॉर्न मात्र अजून वाजतो. हॉर्न मात्र अजून वाजतो. कुकरवाल्या आजींची तारीखही त्याच दिवशी होती. त्या पाचव्याला अध्यक्षबाईंबरोबर म्हणू लागल्या. सहाव्यात 'दहा मिनिटे गाडी चालू होत नाही' हेही होतं. प्रत्येकावर तारीख, सही आणि कंपनीचा 'मिळाले' असा शिक्का. तारखा सगळ्या वॉरंटीतल्या. वकील पहिल्यांदाच नम्र दिसत नव्हता.

सातवा कागद वाचायच्या आधी अध्यक्षबाईंनी चष्मा नीट केला.

"'सेवा उत्तम. गाडी डावीकडे नेता येत नाही, म्हणून पत्नीला कोपऱ्यावर उतरवावे लागते. तिचा गुडघा दुखतो. ती सांगत नाही. घाई नाही.'"

मी बुटांकडे बघत होतो. चुकीच्या मापाचेच होते. बायकोचा हात माझ्या सुजलेल्या मुठीवर आला.

"घाई नाही?" ती पुटपुटली. "अहो, घाई नाही?"

"रकान्यात तेवढीच जागा उरली होती," मी म्हटलं.

निकाल आठवड्याने लागला. वॉरंटीच्या मुदतीत दोष कळवलेला असूनही कंपनीने तो दूर केला नाही, कंपनीच्याच कागदांवरून ते सिद्ध होतं, सबब त्याच प्रकारची नवी गाडी, नव्या वॉरंटीसह, पंधरा दिवसांच्या आत द्यावी. टायर का झिजले तेही निकालात आलं होतं, आणि नकाशाचा उल्लेख 'परिशिष्ट क' असा होता. काकांनी तो निकाल फ्रेम करून घेतला. मेहुणा म्हणाला, माझ्या मिक्सरला परिशिष्ट नव्हतं. यापलीकडची दाद त्याच्याकडून मिळणं शक्य नव्हतं. बायकोने पर्समधला अर्ज काढला, उभा-आडवा फाडला आणि मुख्याध्यापिकाबाईंना कळवून टाकलं की पुढच्या सत्राचं वेळापत्रक करताना पहिला तास माझाच धरा.

नवी गाडी घ्यायला आम्ही दोघं सकाळी गेलो. सत्राचा पहिला दिवस होता. काउंटरवाल्या बाई किल्ली घेऊन उभ्या होत्या, आणि किल्लीबरोबर फिकट निळा फॉर्म. या वेळी त्यांनी दहा मागितले नाहीत. टेबलावर सूर्याच्या शेजारी आता एक घरही चिकटवलेलं होतं.

मी बायकोकडे पाहिलं. "द्या की," ती म्हणाली. "त्यांनी कुठे बनवलाय हॉर्न?"

मी दहा दिले. सगळ्याला दहा. मग कागद उलटला आणि चौकोनापुढे पेन धरून उभा राहिलो. काही सुचेना. तक्रार नव्हती. कुंड्यांचं झालं होतं, चहाचं झालं होतं. घाम फुटला. शेवटी बायकोने पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि चौकोनात मोठ्या अक्षरात लिहिलं, फळ्यावर लिहिते तसं : 'घाई आहे. शाळा साडेदहाला भरते.'

मंडईला एकही प्रदक्षिणा न घालता आम्ही सरळ निघालो. लिंबूवाल्याने हात केला आणि दुसऱ्या फेरीची वाट बघत उभा राहिला असावा. वीस मिनिटं झाली, गाडी गरम झाली, शाळेचा कोपरा आला. सवयीने माझा पाय ब्रेकवर गेला.

"डावीकडे घ्या," बायको म्हणाली.

मी डोळे जवळजवळ मिटून स्टिअरिंग फिरवलं. काही नाही. टिचकीएवढासुद्धा आवाज नाही. गाडी फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि फाटक बंद होतं. पहारेकरी आत खुर्चीवर पेपर वाचत होता. त्याला आमची गाडी कानांनी ओळखायची सवय, आणि कानांवर काहीच आलं नव्हतं. मी खिडकीतून "अहो" म्हणालो. एकदा, दोनदा. त्याने पान उलटलं.

घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

"वाजवा की," बायको म्हणाली.

"उगाच दचकेल हो तो."

तिने गुडघ्यावरची पर्स उचलली, उतरायच्या तयारीने नव्हे, नीट टेकून बसण्यासाठी. "वाजवा," ती म्हणाली. "माझा तास आहे."

मी हॉर्नवर हात ठेवला आणि दाबला. चांगला दणदणीत वाजला. पहारेकरी धावत आला, फाटक सताड उघडलं, सलाम ठोकला, आणि मी गाडी थेट पायऱ्यांपर्यंत आत नेली.